मी तिकडं बघते

या जूनमध्ये आमच्या शाळेनं मला सायबर सुरक्षा समन्वयक केलं. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये पत्र वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या, कुणीतरी पेढ्यांचं विचारलं. मी हसले. पण पत्र पर्समध्ये टाकताना नसरीनबाजींची आठवण झाली आणि दिवसभर तोंडाला चव राहिली नाही. अख्ख्या अहमदपुरात या कामाला लायक अशी एकच बाई होती. तिला आम्ही गावातून घालवलं. 'आम्ही' म्हणजे गावानं, असं म्हणायची सोय आहे. पण त्यात माझा वाटा किती ते मला माहीत आहे, आणि लिहायलाच बसलेय तर तेही लिहीन.

बाजी म्हणजे थोरली बहीण, गावात सगळे त्यांना तसंच म्हणायचे. बाजींचं दुकान स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं, एका शटरचं. त्यांचे अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे, आजोबाही तेच करायचे. पुढं घरोघर मोबाईल आले आणि मनगटावरची घड्याळं गेली. अब्बा वारल्यावर भाऊ मुश्ताक म्हणाला, शटर भाड्यानं देऊन टाकू. बाजी म्हणाल्या, मी बसते. लग्न झालेलं नव्हतं, चाळिशी जवळ आली होती, आणि बारीक स्क्रू फिरवायला त्या लहानपणीच अब्बांच्या शेजारी बसून शिकल्या होत्या. अब्बांचं डोळ्याला लावायचं काळं भिंग लावून त्या मोबाईल उघडायच्या. काउंटरमागं बाई बसलेली बघून गावातल्या बायका आणि पोरी बिनघोर यायला लागल्या.

आमच्याकडं मोबाईल दुरुस्तीची एक रीत आहे. दुकानदार फोन घेतो, त्याच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावतो, पट्टीवर पेनानं गिऱ्हाइकाचं नाव लिहितो आणि खाली लॉकचा पॅटर्न काढून ठेवतो. फोन घरी जातो, पट्टी तशीच राहते. मग पाच वर्षांचं पोरगं पट्टी बघून फोन उघडतं आणि आईबाप गल्लीभर सांगत सुटतात, आमचा बबलू लई हुशार, आपोआप लॉक काढतो. बाजींनी अशी पट्टी कधी लावली नाही. तपासायचं ते तुमच्यासमोर. फोन तुमच्याकडं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "पॅटर्न तुमीच टाका. मी तिकडं बघते." आणि खरंच मान वळवून भिंतीवरच्या अब्बांच्या बंद घड्याळाकडं बघत बसायच्या, तुमचं झालं म्हणेपर्यंत.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा घाईत होते. म्हटलं, "अहो, इंग्रजी एल काढा, सोपाय." त्यांनी भिंग काढलं आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"मॅडम, तुमी तर साळंत शिकवता. घराच्या कुलपाची किल्ली बाजारात दाखवता का?"

दुकानात चार बायका होत्या. मला राग आला. पण पॅटर्न मी त्याच दिवशी बदलला.

जीभ अशी होती त्यांची, तिखट. चहा बशीत ओतून प्यायच्या, आणि समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं की बशी खाली ठेवायच्या. स्वतःकडं बटणांचा जुना फोन. मी विचारलं तर म्हणाल्या, "हलवाई आपली मिठाई खातो का?" मुलांची खाती उघडून देताना जन्मतारीख खरीच टाकायच्या. आता हे म्हणजे धंद्याच्या मुळावर घाव. खरं वय टाकलं की निम्मे गेम चालत नाहीत, बापाची परवानगी मागतात. बाप वैतागायचे. "अहो टाका की माझं वय, काय फरक पडतोय." बाजी म्हणायच्या, "फरक पडतोय म्हनून तर ते विचारून राहिले." बाप उठून पुढच्या दुकानात जायचे. तिथं दोन मिनिटांत पोरगं चाळीस वर्षांचं व्हायचं.

एकदा शिरूर अनंतपाळचा एक जण पोराला घेऊन आला. पोरगं चार वर्षांचं, फोनशिवाय घास तोंडात घेत नव्हतं. त्याची तक्रार एवढीच, की व्हिडिओ मधेच थांबतो, मग पोरगं जेवायचं थांबतं. एकामागून एक आपोआप चालू राहील असं करून द्या. बाजींनी फोन घेतला, पोराचं कार्टून लावलं आणि फोन बापाच्या हातात दिला. "तुमी बसा बाकड्यावर आन् बघा. काय बी दाबू नका. आपोआपच चालू द्या." तो म्हणाला, कार्टूनच आहे, त्यात काय बघायचं. बाजी म्हणाल्या, "लेकरू रोज बघतंय, तुमी एक डाव बघा." पंधरा-वीस मिनिटं तो बसला. पहिल्यांदा ससा होता. मग दुसराच ससा आला. मग तसल्याच रंगांतलं, तसल्याच आवाजातलं काहीतरी लागलं, त्यात एक बाहुली दुसऱ्या बाहुलीला सुरीनं कापत होती आणि मागं हसण्याचा आवाज. मी माझा चार्जर घ्यायला आले होते, मीही ते बघितलं. बापाचं तोंड पडलं. पण माणूस चुकला की ज्यानं चूक दाखवली त्याच्यावरच चिडतो. "तुम्ही मुद्दाम लावलं," म्हणाला आणि पोराला ओढत निघून गेला. बाजी बशीत चहा ओतत म्हणाल्या, "फोन म्हंजे चुल्हा हाय मॅडम. भाकर बी त्याच्यावरच होती. पर लेकराला एकटं बसवून बाजारात जाता येतं का?"

त्या दिवशी ठरवलं की या बाईला शाळेत बोलवायचं. डिजिटल सुरक्षेचा कार्यक्रम घ्या असं वरून पत्र आलंच होतं. मुख्याध्यापकांना मोठा पाहुणा हवा होता, तो मिळाला नाही म्हणून बाजींना दहा मिनिटं मिळाली.

बाजी नवा दुपट्टा घालून आल्या. भाषण केलं नाही. आठवीच्या वर्गातली वैष्णवी पहिल्या रांगेत होती, गणितात पक्की, बोलायला चुरचुरीत. तिला पुढं बोलावलं, दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या आणि म्हणाल्या, "आपन गेम खेळून राहिलो. तू मला बघितलेलं न्हाई. मी पन तुझ्याच वयाची, असं मी सांगितलंय." मग गोड आवाजात विचारायला लागल्या. तुझी साळा कधी सुटते गं? आमची पाचला सुटती. तुमच्यात पाऊस हाय का? तुझा भाऊ तरास देतो का? पप्पा काय करतात, किती वाजता येतात? आई घरीच असती का? घराजवळ काय काय हाय? वैष्णवी खुशीत उत्तरं देत होती, मुलं हसत होती. चार-पाच मिनिटं झाली. बाजी उठल्या आणि मुलांकडं वळल्या. "आता मला ठाऊक झालं, ही मोंढ्याच्या बाजाराजवळ ऱ्हाते. बापाचं खताचं दुकान हाय. साडेपाच ते आठ घरात मोठं मानूस नसतं. मी हिला एक बी वाईट सवाल विचारला न्हाई." वैष्णवीचे कान लाल झाले. बाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी चूक न्हाई बेटा. विचारनारा शिकून आलेला असतो. एकच ध्यानात ठेवा. 'घरी सांगू नको' असं जो म्हनतो, त्याचंच नाव आधी घरी सांगायचं."

इतकं सोपं, इतकं खरं मी कुठल्याच प्रशिक्षणात ऐकलेलं नाही. मुख्याध्यापकांनी आभार मानताना त्यांचं नाव चुकवलं.

महिन्याभरात शिष्यवृत्तीचा निकाल लागला. वैष्णवी तालुक्यात दुसरी. आमच्या भागात पोरगं पास झालं की पोस्टर आलंच. मी स्वतः बनवलं. शाळेच्या ड्रेसमधला तिचा फोटो, पूर्ण नाव, वर्ग, शाळा, वर हार्दिक अभिनंदन, आणि खाली शुभेच्छुक म्हणून तिच्या बापाचं, बालाजीरावांचं, कृषी सेवा केंद्र, पत्ता आणि मोबाईल नंबरसकट. शाळेचं फेसबुकवरचं पान मीच सांभाळते, त्यावर टाकलं. बालाजीरावांनी स्टेटसला ठेवलं, चौकात फ्लेक्स लावला. सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी बाजींचा फोन आला. "मॅडम, ते पोस्टर काढा. पोरीचं तोंड, नाव, साळा आन् बापाचा नंबर, सगळं एकाच ताटात वाढलंय तुमी."

मी म्हटलं, "बाजी, पोरीचं कौतुकही करायचं नाही का?"

"करा की. पेढे वाटा. पर पत्ता कायको वाटता?"

मला वाटलं, बाईला जरा जास्तच झालंय. शाळेत एकदा काय बोलावलं, आता आम्हालाच शिकवायला लागली. असंच वाटलं मला, दुसरे शब्द कशाला शोधू. पोस्टर राहिलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. बुधवारी शाळा सुटल्यावर वैष्णवी एकटीच बाजींच्या दुकानात गेली आणि म्हणाली, फोन फॉरमॅट करून द्या, सगळं पुसून टाका. फोन बापाचा जुना, त्यातलं खातं बापाच्या वयाचं, पुढच्या दुकानात उघडलेलं. बाजींनी फोन हातात घेतला नाही. स्टूल पुढं केलं, पाणी दिलं आणि विचारलं, "कोन धमकी देऊन राहिला?" पोरगी रडायलाच लागली.

बाजींनी मला बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा शटर अर्धं खाली होतं. गेममध्ये एक 'दीदी' भेटली होती. तिनं खेळातले हिरे फुकट दिले, रोज गप्पा मारल्या, घरी सांगू नको म्हणाली. मग एक फोटो मागितला. वैष्णवीनं घरातला साधाच फोटो दिला. आठवड्यानं त्या 'दीदी'नं त्याचं काहीबाही घाण बनवून परत पाठवलं आणि सांगितलं, सांगते तसं कर, नाहीतर बापाला पाठवते. पोरीनं लिहिलं, तुला माझ्या बापाचा नंबर माहीत नाही. उत्तरात त्यानं, आता तिनं म्हणायचं का त्यानं कोण जाणे, एक चित्र पाठवलं होतं. बाजींनी ते माझ्यापुढं धरलं. मी बनवलेलं पोस्टर होतं.

बाजी त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी पोरीच्याच हातून सगळं करून घेतलं. फोन तिनंच उघडला, तेवढा वेळ बाजी घड्याळाकडं बघत होत्या. काही पुसायचं नाही, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्यायचे, मग त्या माणसाला ब्लॉक करायचं, आणि त्याला उत्तर म्हणून एक अक्षर लिहायचं नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तक्रारीला आईबाप पायजेत. आज सांजच्याला बालाजीरावांना सांगू. तुमी सोबत या. त्यानं सांगायच्या आधी आपन सांगायचं मॅडम. आधी सांगितलं तर बाप पोरीच्या बाजूला उभा ऱ्हातो."

आणि मी म्हणाले, "शनिवारी पालकसभा आहे. तेवढी होऊ द्या. दोन-तीन दिवसांनी काय बिघडतंय?"

का म्हणाले? पोस्टर शाळेच्या पानावरचं. बालाजीराव विचारणार, हे त्याच्याकडं कसं गेलं. मग मुख्याध्यापक विचारणार. माझ्या नोकरीच्या कायम मान्यतेचा कागद तेव्हा शिक्षणाधिकारी साहेबांच्या टेबलावर पडून होता. एवढंच कारण. बाजींनी बशी खाली ठेवली. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पोस्टर तरी आज काढा." मी काढते म्हणाले. घरी गेल्यावर वाटलं, आत्ता काढलं तर कुणी विचारेल का काढलं म्हणून. सभा झाल्यावर बघू.

शुक्रवारी सकाळी बालाजीरावांच्या फोनवर ते घाण चित्र आलं.

त्यांनी पोरीला विचारलं, फोन कुणाकुणाच्या हातात गेला होता? मार खाल्लेली, भेदरलेली पोरगी. तिच्या तोंडून एकच शब्द निघाला, दुकान. ती खोटं बोलली असं मी म्हणणार नाही. बापानं पुढचं ऐकलंच नाही.

मधल्या सुट्टीत मला कळलं. मी धावत गेले, तोवर दुकानापुढं माणसं जमली होती. बालाजीराव आणि त्यांच्यासोबत मोंढ्यातले चौघे. मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर थांबले.

"माझ्या पोरीचा फोन तुझ्याकडं होता. फोटो दुसरीकडून कुठून जाणार?" बालाजीरावांनी काउंटरवर हात आपटला. त्यांचंही काळीज फाटलेलं होतं, ते मला दिसत होतं.

बाजी काउंटरमागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "बालाजीराव, पोरीला आन् तिच्या आईला घेऊन घरी बसा. मी येते, सगळं सांगते."

"इथंच सांग. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर न्हाई सांगत."

"मग तूच केलंस."

बाजींनी भिंग खणात ठेवलं. सांगायचं म्हणजे पोरीनं कुणाला फोटो पाठवला ते चारचौघांत सांगायचं. पोरीचं नाव गल्लीत पडलं असतं. त्या दुकानात आलेल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं की ही बाई तुमचा पॅटर्नसुद्धा बघत नाही. गर्दीत अशी दहा-बारा माणसं तरी होती. एकानं तोंड उघडलं नाही. कुणीतरी मागून त्यांच्या जातीधर्माचं बोललं, ते मी इथं लिहीत नाही.

तेवढ्यात बाजींची नजर माझ्यावर पडली. मॅडमना विचारा, एवढे दोन शब्द म्हणाल्या असत्या तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी पायरीवरून खाली उतरून दोन शब्द बोलले असते तरी मिटलं असतं. मी हातातली पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. बाजींनी माझ्याकडं बघितलं आणि मग मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिल्या, मी माझा पॅटर्न टाकत असल्यासारखं.

मुश्ताक आला, हातापाया पडला, शटर ओढलं. ते पुन्हा उघडलं नाही, आणि बाजी गाव सोडून गेल्या. पोलिसात कुणी गेलं नाही. पोरीची इज्जत म्हणून बालाजीरावांनी ते फोटो पुसले, आणि पुसले म्हणजे पुरावा गेला. तो जो कोण होता तो आजही कुठंतरी बसून कुणाची तरी दीदी झालेला असेल. वैष्णवीचा फोन दगडानं ठेचला आणि तिला जळकोटकडं मावशीच्या गावी पोचवलं. शनिवारी पालकसभा व्यवस्थित झाली. मुख्याध्यापक म्हणाले, पालकांनी मोबाईल दुरुस्तीला देताना दुकानदाराची खात्री करावी. सूत्रसंचालन मी केलं. चार महिन्यांनी माझी मान्यता आली.

बुधवारी स्क्रीनशॉट घेतले होते, तेही ठेचलेल्या फोनबरोबर गेले. बाजींनी स्वतःकडं प्रत ठेवली नव्हती. दुसऱ्याच्या लेकीचं त्या कशाला ठेवतील?

गेल्या महिन्यात या नव्या पदाचं प्रशिक्षण नांदेडला होतं. दिवसभर पंख्याखाली बसून पडद्यावरची चित्रं बघितली, पिशवी आणि प्रमाणपत्र घेतलं. परत यायच्या गाडीला वेळ होता आणि माझ्या फोनची काच तडकलेली होती. स्टँडजवळच्या एका मोठ्या मोबाईलच्या दुकानात शिरले. लांबलचक काउंटर, पाच-सहा माणसं ओळीनं बसलेली, शेवटच्या खुर्चीवर नसरीनबाजी. डोळ्याला अब्बांचं भिंग. केस पांढरे झालेले.

मी वळून जाऊ शकले असते. त्यांनी हात पुढं केला, मी फोन दिला.

त्या काच काढत राहिल्या. वर न बघताच विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"जळकोटकडंच असते. मावशीकडं."

"साळा?"

"सुटली."

मग फडक्यानं काच पुसायला लागल्या, आधीच स्वच्छ असलेली. मी प्रशिक्षणाची पिशवी पायाशी ठेवली होती, ती पायानंच मागं सरकवली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं ते त्यांनी वाचलं असेल का, माहीत नाही. माफी मागायचं माझ्या मनात आलं. बाजी, माझं चुकलं, एवढं म्हणायला काय लागतं? मी विचारलं ते एवढंच, काचेचे किती.

नवी काच बसवून झाली. बाजी म्हणाल्या, "आन् ते पोस्टर काढलं का?"

विसरले होते. वर्ष होऊन गेलं, शाळेच्या पानावर मी झेंडावंदनं टाकली, सहली टाकल्या, सायबर सुरक्षेचे सुविचारसुद्धा टाकले, आणि खाली ते पोस्टर तसंच होतं.

बाजींनी फोन माझ्यापुढं सरकवला. "टाका पॅटर्न. मी तिकडं बघते."

मी फोन उघडला आणि शोधत खाली गेले. वैष्णवी हसत होती, दोन वेण्या, लाल रिबिनी. बापाचा नंबर ठळक अक्षरांत. खाली सगळी जुनी अभिनंदनं, आणि सगळ्यांत वर एक नवं, मागच्याच आठवड्यातलं, कुण्या अनोळखी माणसाचं. 'शाब्बास बेटा. आता कितवीला आहेस?'

मी ते पोस्टर काढून टाकलं. मान वर केली तेव्हा बाजी अजून तिकडंच बघत होत्या. त्या भिंतीवर घड्याळ नव्हतं, नुसती मोबाईलची कव्हरं टांगलेली होती.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले.